ऑनर बँड आणि पाहुणे कंडक्टर : दोन-तीन दिवसांत मुलांना नेमकं काय मिळतं?

अबोली_टेक्सास

अमेरिकेत ज्यांची मुलं शाळेत बँड घेतात त्यांच्यासाठी हा धागा काढतेय, पण संगीतात रस असलेल्या सगळ्यांनीच लिहा.

आमच्या टेक्सासात सहावीत बँड सुरू होतो. क्लॅरिनेट नाहीतर ट्रम्पेट भाड्याने घरी येतं आणि दोन-तीन वर्षांत घरात 'रिजन', 'एरिया', 'ऑल-स्टेट' हे शब्द रोजचे होऊन जातात. उन्हाळ्यात एट्यूड जाहीर होतात, म्हणजे वाद्यागणिक ठरवून दिलेले अवघड सरावपाठ. मुलं महिनोन्महिने तेच घोटतात. ऑडिशनला मूल आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा. नाव सांगायचं नाही, बोलायचं नाही, फक्त नंबर आणि वाजवणं. रिजनमधून एरिया, एरियातून ऑल-स्टेट. ऑल-स्टेटचे कार्यक्रम फेब्रुवारीत सॅन अँटोनिओला होतात, टीएमईए म्हणजे टेक्सासच्या संगीतशिक्षकांच्या संघटनेच्या अधिवेशनात.

निवड झालेल्या मुलांचा जो बँड बनतो तो ऑनर बँड. तो दोन-तीन दिवसच जगतो. बाहेरून एक कंडक्टर बोलावलेले असतात, बहुतेक वेळा विद्यापीठातले. मुलं त्यांना पहिल्यांदाच बघतात, तेही मुलांना पहिल्यांदाच बघतात, आणि शेवटी कार्यक्रम.

यंदा माझी लेक रिजन बँडमध्ये होती. रिहर्सल पालकांना खुली होती म्हणून मी जाऊन बसले. एका संथ तुकड्याच्या शेवटी लांबवलेला कॉर्ड होता, म्हणजे एकत्र वाजणारे वेगवेगळे स्वर. मुलांनी सकाळी ट्यूनर लावून स्वर जुळवले होते, तरी ऐकताना काहीतरी खुपत होतं. पाहुण्या कंडक्टर बाईंनी हात थांबवला. म्हणाल्या, आधी फक्त ट्युबा, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वरांचं मोठं पितळी वाद्य. मग त्यावर युफोनियम (ट्युबाचं धाकटं भावंड) आणि बेस क्लॅरिनेट. मग पंचम वाजवणारे. सगळ्यात शेवटी ज्यांच्याकडे त्या कॉर्डचा गंधार होता ती मुलं, त्यात माझी लेकही. त्यांना सांगितलं, ट्यूनरकडे बघूच नका. ट्युबाचा आवाज कानात घ्या आणि आपला स्वर हळूहळू खाली आणा, लाटा थांबल्या की तिथेच राहा. स्वर पुरते जुळले नाहीत की आवाज लहानमोठा होत राहतो, त्या लाटा मला मागे बसून ऐकू येत होत्या. आधी भराभर, मग संथ, मग थांबल्याच. कोणीही जोर लावला नव्हता, तरी तो कॉर्ड एकदम मोठा झाला.

मला वाटतं पाहुण्या कंडक्टरचं खरं काम हे आहे. ऑडिशनमध्ये मूल एकटं वाजवतं आणि एकट्याच्या तयारीवर निवडलं जातं. मग आपापल्या शाळेत पहिल्या खुर्चीवर बसणारी अशी सगळी मुलं एका खोलीत आणून बसवायची आणि त्यांच्याकडून नेमकं उलटं काम करून घ्यायचं : दुसऱ्याचं ऐकणं. हे दोन दिवसांत होऊ शकतं हे मी डोळ्यांनी पाहिलं. तुमचे अनुभव लिहा, कसेही असोत.

पेठेतला_वाचक

वाचतोय. आमच्या शाळेत बँडपथक होतं ते पंधरा ऑगस्टच्या संचलनापुरतं. प्रश्न असा, की या ऑनर बँडमध्ये व्हायोलिन वगैरे नसतात का? आणि मुलं आपल्या शाळेचा बँड सोडून इकडे येतात का?

अबोली_टेक्सास

नाही, व्हायोलिनवाल्यांचा ऑर्केस्ट्रा वेगळा. बँड म्हणजे फुंकून वाजवायची वाद्यं आणि तालवाद्यं; फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्युबा. आणि शाळेचा बँड सोडावा लागत नाही, उलट बहुतेक ठिकाणी तो चालू असलाच पाहिजे. ऑनर बँड हा त्याच्या वरचा मान.

मंद्रसप्तक

अबोली, तुम्ही जे ऐकलंत ते आपण तानपुऱ्यात ऐकतो. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून गंधार आपसूक निघतो, त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. तो त्या तारेचा पाचवा स्वरांश. षड्जाशी त्याचं नातं ५:४, म्हणजे षड्जापासून सुमारे ३८६ सेंटांवर. पियानो किंवा हार्मोनियमचा गंधार ४०० सेंटांवर असतो. (एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट.) हा १४ सेंटांचा फरक म्हणजे तुम्हाला ऐकू आलेल्या त्या लाटा. ट्यूनरचं यंत्र पियानोच्या हिशेबाने चालतं, त्यामुळे प्रत्येक मुलाचा काटा मधोमध आणि तरी एकत्र कॉर्ड खुपणारा, असं होतं.

माझ्याकडे गाणं शिकायला येणाऱ्या मुलांपैकी काही शाळेत फ्लूट आणि क्लॅरिनेट वाजवतात. तानपुऱ्यासमोर बसायची सवय असल्याने त्यांना हा गंधार चटकन सापडतो. त्या बाईंनी नुसतं 'खाली आणा' न म्हणता ट्युबावर कान ठेवायला लावला, हे मला फार आवडलं. आधार कुठे आहे ते आधी ओळखायचं, मग त्यावर आपला स्वर ठेवायचा. आमच्या गुरुजींनीही आम्हाला असंच शिकवलं.

रोखठोक

मी न्यू जर्सीत आहे. आमच्याकडे राज्याचे तीन विभाग आहेत, नॉर्थ, सेंट्रल आणि साउथ. त्यांचे रिजन बँड आणि मग ऑल-स्टेट. दोन्ही मुलं यातून गेली, म्हणून स्पष्ट लिहितो.

वर्षभर शिकवतात ते शाळेचे बँड डायरेक्टर. सकाळी सात वाजता वर्ग उघडतात, रीड (क्लॅरिनेट-सॅक्सोफोनच्या तोंडाला लावायची वेताची पट्टी) मोडली तर स्वतःच्या पैशाने देतात, ऑडिशनच्या आधी शनिवारी येऊन मुलांचं ऐकतात. आणि कार्यक्रमाच्या दिवशी टाळ्या कोणाला, तर शुक्रवारी विमानाने आलेल्या पाहुण्याला. स्वयंपाक एकाने करायचा आणि वाढायला दुसऱ्याने यायचं. शिवाय सगळ्या पालकांचं लक्ष कॉलेजच्या अर्जात ती एक ओळ येण्याकडे असतं. मुलं दमलेली, शाळेचा अभ्यास बुडालेला. दोन दिवसांत कोणी कोणाला काय शिकवतं?

बँडच्या_बाई

रोखठोक, तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिलंत त्यांच्यातली मी एक. इलिनॉयमध्ये सरकारी मिडल स्कूलला बँड शिकवते. नऊ वर्षांची असताना आईबाबांबरोबर डोंबिवलीहून इथे आले आणि याच शाळांच्या बँडमध्ये वाढले. आमच्या डिस्ट्रिक्टचा ऑनर बँड भरवायच्या कामातही असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे राज्याचे नऊ डिस्ट्रिक्ट आहेत. ऑक्टोबरात ऑडिशन, नोव्हेंबरात डिस्ट्रिक्टचा महोत्सव, आणि त्यातून निवडलेली मुलं जानेवारीच्या शेवटी पिओरियाला ऑल-स्टेटला जातात. डिस्ट्रिक्टचा महोत्सव म्हणजे एक शनिवार. सकाळी मुलं एकमेकांना ओळखतही नाहीत आणि संध्याकाळी कार्यक्रम. अशा वेळी कंडक्टर कोण आहे यावर सगळं ठरतं.

पाहुण्याला वर्ष-दीड वर्ष आधी विचारावं लागतं. त्यांनी कार्यक्रम ठरवायचा तो बँड न ऐकता. ओबो किती असतील, हॉर्नची फळी भक्कम आहे की नाही, काही माहीत नसतं. तीन-चार रचना निवडायच्या : एक अशी की जिने मुलं सकाळीच जागी होतील, एक संथ, एक जरा डोकं लावायला लावणारी, आणि शेवटी दणकून वाजणारी. सगळ्या अवघड घेतल्या तर दिवस नुसता स्वर शोधण्यात जातो. सगळ्या सोप्या घेतल्या तर दुपारनंतर मुलं कंटाळतात. हे बँड न ऐकता साधणं फार कठीण आहे, आणि ज्याला मुलांची खरी जाण आहे त्यालाच ते साधतं.

नोट्स काही आठवडे आधी मुलांकडे जातात. तरी दोन-चार मुलं कोऱ्या पाटीने येतात, ते गृहीत धरावंच लागतं.

आता पहिली रिहर्सल. चांगला पाहुणा भाषण करत नाही. नाव सांगतो, हात वर करतो आणि एक रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून घेतो. चुका होतात, होऊ देतो. त्या पाच-सात मिनिटांत त्याला कळतं की ट्रम्पेट घाईत आहेत, तिसऱ्या क्लॅरिनेटमध्ये (क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा भाग वाजवणाऱ्यांत) ताकद आहे, आणि मागे टिंपनीवाल्या मुलीचं लक्ष सगळ्यात चांगलं आहे. त्यानंतर थांबला की एकच गोष्ट सांगतो आणि लगेच पुन्हा सुरू करतो. ज्यांना बोलायची हौस असते त्यांच्या रिहर्सलमध्ये मुलांचे ओठ थंड पडतात, आणि थंड ओठांनी हॉर्न वाजत नाही.

मी पाहुण्याची पारख तालवाद्यांच्या मुलांवरून करते. मागे सात-आठ मुलं उभी असतात. एका रचनेत झायलोफोन, दुसऱ्यात झांजा, तिसऱ्यात बास ड्रम. कोणी काय वाजवायचं हे आधी ठरलेलं नसेल तर पहिला तास त्यांच्या पळापळीतच जातो. कित्येक कंडक्टर त्यांच्याकडे बघतात ते फक्त 'हळू वाजवा' सांगायला. जो घरून तालवाद्यांची वाटणी कागदावर करून आणतो आणि आल्या आल्या त्यांच्यापर्यंत चालत जातो, त्याच्या बँडचा आवाज दुपारपर्यंत वेगळाच झालेला असतो.

आणि खुर्च्यांचं म्हणाल तर, आपल्या शाळेत कायम पहिला भाग वाजवणारं मूल इथे पहिल्यांदा तिसऱ्या क्लॅरिनेटवर बसतं. सुरुवातीला हिरमुसतं. काही पाहुणे मुद्दाम एकेका रचनेत भाग बदलून देतात. मग त्या मुलाला कळतं की खालच्या भागात सूर धरून ठेवणं हे वरच्या भागात चाल वाजवण्याइतकंच अवघड आहे. सोमवारी ते माझ्या वर्गात परत येतं तेव्हा आपल्या शाळेतल्या तिसऱ्या क्लॅरिनेटवाल्या मैत्रिणीशी वेगळं वागतं. दोन दिवसांत काय शिकवतात याचं माझ्याकडचं उत्तर हे आहे.

श्रेयाबद्दल : चांगले पाहुणे कार्यक्रमात मुलांच्या शाळांतल्या शिक्षकांना उभं राहायला सांगतात आणि आधी त्यांच्यासाठी टाळ्या मागतात. जे सांगत नाहीत त्यांना आम्ही पुन्हा बोलावत नाही. आणि खरं सांगू, त्या दिवशी मी मागे स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या नोट्स एकत्र असलेली वही, घेऊन बसते आणि वहीत उतरवून घेत असते. माझ्यासाठीही ती शिकवणी असते.

वारा_आणि_पितळ

मी युफोनियम वाजवायचो, न्यूयॉर्कमध्ये शाळा झाली. आता नोकरी करतो पण रविवारी गावच्या बँडमध्ये अजून वाजवतो.

न्यूयॉर्कची रीत टेक्सासपेक्षा वेगळी. आमच्याकडे वेगळी ऑडिशन नव्हती. वसंतात सोलो परीक्षा व्हायची, सगळ्यात वरची पातळी सहावी, गुण शंभरपैकी. त्या गुणांवर पुढच्या डिसेंबरात रॉचेस्टरला ऑल-स्टेट. ईस्टमन थिएटरच्या कोडॅक हॉलमध्ये वाजवायला मिळालं, तो आवाज अजून कानात आहे.

बँडच्या बाईंनी चांगल्या पाहुण्याबद्दल लिहिलं, मी दोन्ही बाजू लिहितो. त्याच्या आधी एका दुसऱ्या ऑनर बँडमध्ये होतो. तिथले पाहुणे नावाजलेले होते. हॉर्नच्या एका मुलीचा वरचा स्वर फुटला. त्यांनी तिला एकटीला वाजवायला लावलं. पुन्हा फुटला. पुन्हा लावलं. सगळा बँड बघतोय, ती रडायच्या बेताला आलेली, आणि हे 'आम्ही थांबलोय' म्हणून हाताची घडी घालून उभे. ती कशीबशी वाजवून बसली. पण त्यानंतर काय झालं ते सांगतो. आम्ही सगळ्यांनीच हात आखडता घेतला. कोणी हलक्या स्वरात आत शिरायला तयार नाही, कारण हलका स्वर फुटू शकतो. जो तो शेजारचा सुरू होईपर्यंत अर्धी मात्रा थांबायचा. कार्यक्रम स्वच्छ झाला आणि त्यात जीव नव्हता.

रॉचेस्टरला नेमकं उलटं झालं. सरांनी एका गुंतागुंतीच्या जागी थांबवलं आणि विचारलं, आत्ता चाल कोणाकडे आहे, हात वर करा. पंधरा हात वर. म्हणाले, मग बाकीच्यांनी या पंधरा जणांना ऐकू येईल इतकंच वाजवा. पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅटन खाली ठेवली, मंचावरून उतरले आणि चालत चालत मधल्या खुर्च्यांपर्यंत गेले. आम्ही कंडक्टरशिवाय वाजवत राहिलो. सुरुवातीला घाबरलो होतो, मग बासरीवालीच्या श्वासावर सगळे एकत्र आत शिरायला लागलो. परत येऊन त्यांनी फक्त इतकंच म्हटलं, आता मी उभा राहिलो तरी असंच वाजवा.

तेव्हा दोन दिवसांत मूल घडतंही आणि बिघडतंही. त्या हॉर्नवाल्या मुलीने पुढच्या वर्षी अर्जच केला नाही.

रोखठोक

तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, आणि माझा मुद्दा त्यानेच पक्का होतो. ज्याला मुलांची ओळख नाही अशा माणसाच्या हाती शंभर मुलं दोन दिवस द्यायची ही पद्धतच जोखमीची आहे. बँडच्या बाईंनी लिहिलेलं तिसऱ्या क्लॅरिनेटचं मात्र पटलं. माझ्या धाकटीबाबत तसंच झालं होतं आणि आम्हाला घरी त्याचं कारण कळलं नव्हतं.

पण मग मुलांच्या शाळांतलेच शिक्षक आलटून पालटून का कंडक्ट करत नाहीत?

बँडच्या_बाई

करतात, विशेषतः लहान मुलांच्या ऑनर बँडमध्ये. सहावी-सातवीच्या मुलांसाठी मिडल स्कूलचा अनुभवी शिक्षक विद्यापीठातल्या प्राध्यापकापेक्षा कितीतरी चांगला ठरतो, कारण कोणत्या वयात कोणतं बोट कुठे अडतं हे त्याला माहीत असतं. तरी आम्ही तो दुसऱ्या डिस्ट्रिक्टचा घेतो. आपल्याच डिस्ट्रिक्टचा घेतला की मुलं 'अमक्या शाळेचे सर' म्हणूनच त्याच्याकडे बघतात, आणि त्याच्या शाळेची मुलं एका बाजूला, बाकीची दुसऱ्या बाजूला होतात. अनोळखी माणसापुढे सगळे सारखे असतात.

अपमान करणाऱ्यांबद्दल : आम्ही आता बोलावण्याआधी त्या माणसाच्या रिहर्सलचं चित्रण मागतो, कार्यक्रमाचं नाही. कार्यक्रमात सगळेच छान दिसतात.

जुनी_पानं

ही प्रथा कशी रुजली तेही थोडं लिहितो, मला या विषयाचं वेड आहे.

१९२६ साली डेट्रॉइटमध्ये शाळांतल्या संगीत-पर्यवेक्षकांचं राष्ट्रीय अधिवेशन होतं. जोसेफ मॅडी यांनी त्यासाठी वेगवेगळ्या राज्यांतून हायस्कूलची मुलं गोळा केली आणि एक ऑर्केस्ट्रा उभा केला. जमलेल्या शिक्षकांना शाळेतली मुलं इतकं वाजवू शकतात हे प्रत्यक्ष ऐकायला मिळालं. मुलांना पांगायचं नव्हतं, म्हणून दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, मिशिगनच्या इंटरलॉकेनला उन्हाळी संगीत शिबिर सुरू झालं. ते आजही चालू आहे. निवडक मुलं, थोडे दिवस, बाहेरचा कंडक्टर आणि शेवटी कार्यक्रम, हा सांचा तिथला.

पाहुणा कंडक्टर म्हटलं की मला जॉन फिलिप सूझा आठवतात. अमेरिकेत मार्चचा राजा म्हणून त्यांचं नाव. त्यांचा स्वतःचा धंदेवाईक बँड होताच, पण उतारवयात ते शाळांच्या आणि गावोगावच्या बँडपुढे हौसेने उभे राहत. मार्च १९३२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंग गावी रिंगगोल्ड बँडला पाहुणे म्हणून आले. रिहर्सलमध्ये शेवटी त्यांचाच 'द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर' हा मार्च घेतला, आणि त्याच रात्री हॉटेलात त्यांचं निधन झालं. वय ७७.

दुसरं नाव फ्रेडरिक फेनेल. १९५२ मध्ये त्यांनी रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीतविद्यालयात ईस्टमन विंड एन्सेंबल हा फुंकवाद्यांचा संच स्थापन केला. तोवर बँड म्हणजे एकेका भागावर पाच-पाच माणसं आणि भरपूर आवाज. फेनेल म्हणाले, एका भागाला एकच वादक पुरे, म्हणजे प्रत्येकाचा स्वर ऐकू येईल आणि प्रत्येकाला जबाबदारी घ्यावी लागेल. आज ऑनर बँडमध्ये मुलांना दुसऱ्याचं ऐका म्हणून सांगतात त्यात त्या विचाराचा मोठा वाटा आहे असं मी मानतो. वारा_आणि_पितळ, तुम्ही ज्या हॉलमध्ये वाजवलंत तो त्याच ईस्टमनचा.

मंद्रसप्तक

फेनेल यांच्याबद्दल माहीत नव्हतं, धन्यवाद. एक विचारायचं होतं. कंडक्टर मुलांना गायला लावतात का?

बँडच्या_बाई

लावतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात चांगली खूण. गुस्ताव होल्स्ट यांची मिलिटरी बँडसाठीची पहिली स्वीट (अनेक भागांची रचना) आहे, १९०९ ची, ऑनर बँडमध्ये वारंवार घेतात. तिचा पहिला भाग युफोनियम आणि ट्युबा यांनी सुरू होतो. आठ मापांची एक साधी चाल, आणि मग तो सगळा भाग त्या आठ मापांवर उभा राहतो. चाल कधी वर जाते, कधी उलटी होते, कधी नुसती पायासारखी खाली राहते. मी पाहिलेल्या एका पाहुण्यांनी वाद्यं मांडीवर ठेवायला लावली आणि सगळ्या बँडकडून ती आठ मापं गाऊन घेतली. वयात आलेल्या मुलांचे आवाज फाटके, लाजतात, हसतात. तिसऱ्यांदा सूर लागला. मग वाद्यं उचलली तेव्हा कोणालाही सांगावं लागलं नाही की चाल आता कुठे लपली आहे.

मंद्रसप्तक, तुम्हाला आवडेल असं अजून एक. पर्सी ग्रेंजर यांची 'लिंकनशायर पोझी', १९३७ ची. इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात १९०५-०६ च्या सुमारास त्यांनी स्वतः गावकऱ्यांकडून जी लोकगीतं ऐकून उतरवून घेतली त्यावर बेतलेली. गाणारा म्हातारा जिथे रेंगाळला तिथे नोट्सही रेंगाळतात. पाचव्या भागात काही ठिकाणी मात्रांचं बंधनच नाही. किती थांबायचं ते कंडक्टरच्या हातावर. तिथे मोजून चालत नाही, वर बघावंच लागतं. मिलवॉकीला पहिल्यांदा वाजवली तेव्हा सहापैकी तीनच भाग वाजले, इतकी ती अवघड पडली होती. आज ऑल-स्टेटची सतरा वर्षांची मुलं ती वाजवतात.

मंद्रसप्तक

म्हणजे तिथे आलापीसारखी मोकळीक आहे आणि सगळ्यांनी मिळून एकाचा श्वास ओळखायचा. ऐकतो आजच.

अबोली_टेक्सास

खूप शिकायला मिळतंय. बाई, एक विचारू? मागच्या काही वर्षांच्या कार्यक्रमपत्रिका घरात आहेत, त्या चाळल्या. पाहुण्यांत बायकांची नावं फार थोडी दिसली. आपल्याकडच्यासारखी आडनावं फ्लूट आणि क्लॅरिनेटच्या रांगेत भरपूर, पण कंडक्टर म्हणून एकही नाही. लेकीला यंदा बाई मिळाल्या तर घरी आल्यावर पहिलं वाक्य हेच होतं की मीपण हे करू शकते का.

बँडच्या_बाई

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. निवड समितीतले लोक ओळखीच्या नावांना बोलावतात. ओळखीची नावं म्हणजे विद्यापीठांचे बँड डायरेक्टर, आणि त्या खुर्च्यांवर कित्येक दशकं बहुतेक पुरुषच होते. नवीन माणसाला अनुभव हवा म्हणतात आणि अनुभव बोलावल्याशिवाय येत नाही. आमच्या राज्यात आम्हाला एक भाग्य लाभलं : मॅलरी थॉम्पसन १९९६ पासून अनेक वर्षं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात बँडच्या प्रमुख होत्या. मुलींना डोळ्यासमोर दाखवायला एक माणूस होतं.

तुमच्या लेकीला सांगा की कंडक्टर व्हायचं तर आत्ता स्कोअर वाचायला सुरुवात कर. तिच्या बँड डायरेक्टरकडे मागितला तर ते आनंदाने देतील. आपला भाग वाजवताना बाकीचे काय करतायत हे कागदावर बघितलं की कान उघडतात. आणि समितीत जाऊन नावं सुचवायचं काम पालक करू शकत नाहीत, पण आयोजकांना पत्र लिहू शकतात. 'यंदाच्या कंडक्टर बाईंमुळे माझ्या मुलीवर हा परिणाम झाला' असं एक पत्र आलं की पुढच्या बैठकीत त्याचं वजन पडतं. मी त्या बैठकांना बसते म्हणून सांगते.

दूधसागर

गोव्याहून लिहितोय. पेठेतला_वाचक यांनी आपल्याकडच्या बँडबद्दल लिहिलं म्हणून. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना सॉल्फेज शिकवत, म्हणजे नोटेशन बघून गाणं. व्हायोलिन, ट्रम्पेट, क्लॅरिनेट ही वाद्यं तशीच गावागावात पोचली. पुढे त्यातलेच वादक मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांमध्ये बसले. आधी गाऊन दाखव, मग वाद्याला हात लाव, हे माझ्या आजोबांनीही चर्चच्या संगीतशिक्षकांकडून ऐकलेलं. आज मुंबईच्या एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून. पण वेगवेगळ्या शाळांतली मुलं निवडून आणायची, दोन दिवस एका नव्या माणसाखाली वाजवायची, अशी सोय आपल्या मुलांना मिळावी असं फार वाटतं. मुलं आहेत, शिकवणारेही आहेत.

पेठेतला_वाचक

दूधसागर, अगदी. ढोल-ताशाच्या पथकांत हजारो मुलं ताल शिकतात. स्वराच्या वाद्यांसाठी तशी उभारी मिळाली तर काय होईल!

नवा_पालक_ऑस्टिन

उशिरा आलो, सगळा धागा एका बैठकीत वाचला. मुलगा सहावीत, बँडचं पहिलंच वर्ष. त्याला सॅक्सोफोन हवा होता, सर म्हणतायत बेस क्लॅरिनेट घे. पुढे ऑनर बँड वगैरे करायचं असेल तर कुठलं बरं? आणि रिहर्सलला पाठवताना काय काय द्यायचं असतं?

बँडच्या_बाई

बेस क्लॅरिनेट घेऊ द्या. सॅक्सोफोनला रांग मोठी असते आणि जागा थोड्या. बेस क्लॅरिनेट महाग असतं पण बहुतेक शाळा स्वतःचं देतात, एकदा विचारून घ्या. अबोलींनी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलेला तो कॉर्ड ज्या खालच्या स्वरांवर उभा राहिला त्यात बेस क्लॅरिनेट होतंच. ते वाजवणाऱ्या मुलाचा कान लवकर तयार होतो. फक्त सरांना सांगा की पहिल्या वर्षी साधं क्लॅरिनेटही शिकवा, बोटं तीच आहेत.

रिहर्सलला : पेन्सिल, तीही दोन. पाहुण्याने सांगितलेलं लिहून घेतलं नाही तर दुपारपर्यंत विसरायला होतं. जास्तीच्या रीड, पाण्याची बाटली, नोट्सची फाइल. कार्यक्रमाचे काळे कपडे आदल्या दिवशी घालून बघा, मुलं महिन्याभरात वाढतात. डबा घरचा द्या, पण वाजवण्याआधी तेलकट आणि गोड नको, वाद्यात जातं. आणि रचनांचं रेकॉर्डिंग आधी चार-सहा वेळा ऐकायला लावा, नोट्स समोर ठेवून.

नवा_पालक_ऑस्टिन

मनापासून आभार. सरांना आजच कळवतो की बेस क्लॅरिनेट चालेल. शाळेकडे एक आहे म्हणे, कप्प्यात पडून.

बँडच्या_बाई

पडून असेल तर पॅड आणि कॉर्क तपासून घ्यायला सांगा सरांना. सांध्यांवर ग्रीस लावल्याशिवाय जोडू नका, आणि जोडताना मधल्या जोडावरची दांडी वाकणार नाही असं धरायला मुलाला पहिल्याच दिवशी दाखवून द्या.